उजवा कौल

"तुमचो देवीर इस्वास नाय. मगे तिच्या गुरवाकडे कित्या इल्यात?"

बाबल गुरवांनी हे मला त्यांच्या पडवीत बसवून, हातात चहाची कपबशी दिल्यावर विचारलं. बाहेर श्रावणातला पाऊस सलग पाचव्या दिवशी कोसळत होता.

"माझं काम देवीकडे नाही, तुमच्याकडे आहे," मी म्हणालो. "उद्याच्या कौलात उजवी पाकळी पडली पाहिजे."

"ती पाडीत तर पडात. मी कोण?"

"तुम्ही गुरव."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा घोट घेतलाच नाही.

कुसवडे गावात काही मोठं करायचं झालं की देवी पावणाईला कौल लावायची रीत होती. गुरवाने देवीच्या पाषाणावर, दोन्ही खांद्यांच्या जागी, फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. उद्याचा प्रश्न मीच गावावर लादला होता. धारेवाडीच्या एकोणीस घरांनी आपली घरं सोडून वर सड्यावर, म्हणजे कातळपठारावर असलेल्या शाळेत पंधरा दिवस राहायला जावं की नाही?

धारेवाडी डोंगराच्या पायथ्याला होती आणि तो डोंगर हलत होता. हे मला ठाऊक होतं, कारण मी त्या शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवत होतो आणि डोळे उघडे ठेवून फिरत होतो. वाडीच्या वर कातळाला लागून हातभर रुंद भेग पडली होती. आदल्या रविवारी तीत मी काठी घातली तेव्हा ती निम्मी गेली, या रविवारी अख्खी गेली. विजेचे दोन खांब एकाच बाजूला कलले होते. वाडीतली दारं लागेनाशी झाली होती. सगळ्यात वाईट म्हणजे, दुपारी पाऊस जरा थांबला की डोंगराच्या पोटातून आवाज यायचा, जात्यात खडा अडकल्यासारखा.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन आलो होतो. साहेब म्हणाले, पावसाळा संपला की पाहणी करू. मी म्हटलं, पावसाळा संपल्यावर काय पाहणार? ते फक्त हसले.

आणि गाव माझं ऐकायला तयार नव्हतं, त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी अशीच, पण बारीक भेग पाहून मी अख्खी वाडी हलवली होती. अकरा दिवस माणसं शाळेत दाटीवाटीने राहिली आणि डोंगराचा एक खडासुद्धा निसटला नाही. ऐन लावणीचे दिवस होते, रोपं वाफ्यात पिवळी पडली आणि वाडीचं वर्ष वाया गेलं. तेव्हापासून मी दिसलो की कुणीतरी विचारायचंच, "काय मास्तर, तुमचो डोंगार कधी पडतलो?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. या वर्षी भेगेचं नाव काढताच सरपंचांनी मला वाटेला लावण्यासाठी म्हटलं, "देवीक इचारुया." मी लगेच हो म्हणालो. सरपंच चकित झाले, कारण सबंध तालुक्यात देवाला न मानणारा म्हणून माझी ख्याती होती.

"आबा, तुम्ही रोज वर धारेवर, डोंगरातल्या झऱ्यावर, देवीसाठी पाणी भरायला जाता," मी गुरवांना म्हणालो. "पाणी कसं येतंय?"

अंगणात कुणी नाही ना, ते त्यांनी पाहून घेतलं. मग म्हणाले, "तीन दिस झाले, तांबडा येता. माझ्या आयुष्यात कधी इला नाय. गाळून आंघोळ घालतंय देवीक."

"म्हणजे तुम्हालाही कळतंय."

"कळता. म्हणान तर रोज तिका मनात इचारतंय. ती काय बोलाक नाय."

"मग तिच्या वतीने तुम्ही बोला."

बाबल गुरव उठले. पासष्टीचा, काटकुळा माणूस. पडवीच्या कडेला जाऊन पागोळ्यांखाली हात धरून उभे राहिले. त्यांना राग आला की ते आवाज चढवत नसत, उलट उतरवत.

"मास्तर, धा वर्सामागे शाळेच्या हॉलात तुमी एक दगड आणल्यात, तेका पाकळ्ये चिकटवल्यात. सगळ्या गावाक दाखवल्यात, कशी सुकी बाजू आधी सुटता. आणि म्हणाल्यात, गुरवांक ह्यां म्हायत असता, ते आपल्याक होयो तो कौल पाडतत. मी पयल्या रांगेत बसलेलंय. आठावता?"

आठवत होतं. टाळ्या पडल्या होत्या. दगड धरून उभा राहिलेला नववीतला सदानंद मेस्त्री आनंदाने लालबुंद झाला होता.

"चाळीस वर्सां मी पाकळ्ये लावतंय. एकदा बोट लावलंय नाय. त्या दिवशी तुमी माका खोटो म्हटल्यात तेव्हा मी खोटो नव्हतंय. आज तुमीच सांगतास, खोटो हो."

मी वर्गात पोरांना सांगत असे की पुरावा नसताना विधान करू नये, आणि या माणसाविषयी मी नेमकं तेच केलं होतं. पण त्या दुपारी मला माफी मागायला सवड नव्हती. मी म्हणालो, "आबा, वाडीत एक्क्याण्णव माणसं आहेत."

"म्हायत आसा. माझी भयण थयच दिलेली आसा."

ते माझ्याकडे वळले. "काजीचो डिंक आसा घरात. डावी पाकळी तेना चिकटवतंय. पाप माझ्या माथ्यार. पण ह्यां तुमच्या-माझ्यात ऱ्हवात. लोकांक कळला तर परत कधी कोण देवीचा आयकूचो नाय, आणि तुमचा तर आताच कोण आयकणा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी दाराशी चपला काढून उभा राहिलो. गुरवांनी पाकळ्या लावल्या. डावी लावताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि लोकांना वाटलं, देवीचं वारं आलं. प्रश्न विचारून झाला. पत्र्यावरचा पाऊस सोडला तर कसलाच आवाज नव्हता. थोड्या वेळात उजवी पाकळी अलगद सुटली आणि पाषाणाच्या पायाशी पडली. बायकांनी हात जोडले. धारेवाडीचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. आदल्या वर्षी मी तीन दिवस घरोघरी घसा फोडून जे करून घेतलं होतं, ते त्या पाकळीने एका क्षणात केलं. दुपारपर्यंत वाडी हलली. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, गुरं, सगळं सड्यावर चढलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दिवेलागणीच्या आधी सदानंद शाळेतल्या माझ्या खोलीत आला. नववीत दगड धरणारा तो मुलगा आता धारेवाडीतलाच चोविशीचा सुतार होता. मॅट्रिकनंतर शिकला नाही, पण माझ्याकडून पुस्तकं न्यायचा आणि परत आणताना वाद घालायचा. आदल्या वर्षी माझ्या शब्दावर वाडीतल्या प्रत्येक घरात फिरणारा तोच होता, आणि नंतर सगळ्यात जास्त बोलणी त्यानेच खाल्ली होती. गावात माझी मुलं शेकड्यांनी होती, पण माझ्यासारखं वेडं तेवढं एकच झालं होतं. माझा जीव होता त्याच्यावर.

त्याने उजव्या हाताचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. नखात काहीतरी पिवळसर अडकलं होतं.

"वास घ्या, सर."

"काय आहे?"

"काजूचा डिंक. लहानपणापासून हाताला लागलेला आहे, डोळे मिटूनही ओळखेन. डावी पाकळी दुपारपर्यंत पडली नाही, तेव्हा मला संशय आला. सगळे गेल्यावर देवळात जाऊन नखाने काढली."

मी खिडकी लावून घेतली. बाजूच्याच वर्गात वाडीच्या बायका चुली मांडत होत्या, त्यांची बोलणी ऐकू येत होती.

"कुणाला सांगितलंस?"

"बायकोला, प्रभाला. ती म्हणाली, माझं डोकं फिरलं. ती पोरीला घेऊन शाळेत आलीय, मी सोडायला आलो." तो बाकावर बसला. "सर, तुम्ही दहा वर्षांपूर्वी म्हणाला होतात, गुरव फसवतात. मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. बाबलआजोबा असं करणार नाहीत, असं वाटायचं. आज पटलं."

हे ऐकताना मला त्याच्याकडे बघवलं नाही.

"एकच विचारतो," सदानंद म्हणाला. "हे तुम्ही करायला लावलंत का?"

"का विचारतोस?"

"तुम्ही लावलं असेल तर त्याला काहीतरी कारण असणार. मग डोंगर खरंच हलतोय. मग मी आत्ता इथेच राहतो. पण आधी बाजूच्या वर्गात जाऊन सगळ्यांना सांगतो, की बाबांनो, देवी बोलली नाही, सर बोलले. खरं कारण कळूनच माणसांनी इथे राहायला पाहिजे. गेल्या वर्षीसारखं मीच समजावतो त्यांना."

"आणि नाही समजले तर?"

"नाही समजले तर ती त्यांची मर्जी. पण खोटं सांगून माणसाला मेंढरासारखं हाकायचं नाही. हे तुमचंच शिकवणं."

माझंच होतं. त्याला समजावता येत नव्हतं आणि धमकावता येत नव्हतं, कारण तसा तो मीच घडवला होता. मी हो म्हणालो असतो तर पुढच्या पाच मिनिटांत तो बाजूच्या वर्गात उभा असता. आणि दहा मिनिटांत वाडी अंथरुणं गुंडाळून खाली निघाली असती, मला आणि बाबल गुरवांना शिव्या घालत. एका पारड्यात नव्वद माणसं होती आणि एकात हा एक. मी शिक्षक माणूस, बेरीज-वजाबाकी मला येत होती.

"नाही," मी म्हणालो. "मला यातलं काही माहीत नाही."

"नक्की?"

"मी देवळाच्या दारात उभा होतो, सदा. मला काय माहीत?"

त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आजही मला तो चेहरा जसाच्या तसा दिसतो.

"मग नुसतीच लबाडी आहे," तो उठत म्हणाला. "मी घरी जातो. पंधरा दिवसांची मुदत दिलीय ना देवीने? पंधरा दिवस घरात राहतो आणि सोळाव्या दिवशी चालत येऊन सगळ्यांसमोर डिंक दाखवतो. आत्ता बोललो तर लोक म्हणतील, मेस्त्रीने स्वतःच आणलेला डिंक. प्रयोग करून दाखवावा, मग बोलावं."

"सदा, कौल राहू दे. भेगेचं मी सांगतोय. काठी पूर्ण आत जाते."

"गेल्या वर्षीही सांगितलंत."

"या वर्षी दारं लागत नाहीत."

"लाकूड फुगतं, सर," तो हसून म्हणाला. "महिन्याभरात आठ दारं तासून दिलीत मी. पावसात दारं फुगायचीच."

मी म्हणालो, फुगलेलं दार सगळीकडून अडकतं, ही दारं एका कोपऱ्यातच अडकतायत, चौकटी तिरक्या होतायत. तो क्षणभर थांबला, विचारात पडला. मग म्हणाला, "घरी जाऊन ओळंबा लावून चौकट सरळ आहे का बघतो." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी खाली वाडीत गेलो. एरवी कोंबड्या आणि पोरं पायात येतात त्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. घरांची दारं अर्धवट उघडी होती, कारण ती लागतच नव्हती. विहिरीत डोकावलो तर पाणी दोन हात खाली गेलं होतं. एवढ्या पावसात विहीर आटते, याचा अर्थ पाणी दुसरीकडे वाट शोधतंय. एका टोकाच्या घरातून रंध्याचा आवाज येत होता. सदानंद अंगणात चौकट उभी करून काम करत होता.

"ओळंबा लावलास?"

"लावला. बोटभर फरक आहे." तो रंधा थांबवून म्हणाला. "पण घर माझ्या आज्याने बांधलेलं. पहिल्यापासूनच तिरकं असेल तर? आधीचं माप माझ्याकडे नाही. आज खूण करून ठेवलीय. चार दिवसांनी पुन्हा मोजतो. वाढलं असेल तर मी स्वतः वर येतो, सर."

किती बरोबर बोलत होता तो! वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी त्याचा हात धरला. तोंडापर्यंत आलं होतं, की सदा, डिंक मीच लावायला सांगितला, चल. पण तेवढ्यात तो म्हणाला, "खोटं पकडायला वेळ लागतो, पण पकडलं की मी गप्प बसणार नाही." मी हात सोडला आणि तशीच वाट चढून परत आलो.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. आठवड्यात पहिल्यांदा आकाश दिसलं. पोरं मैदानात नाचायला लागली आणि वाडीचे बाप्ये चुळबुळ करू लागले, गुरांच्या गवताचं काय, परड्यातल्या भाजीचं काय. बाबल गुरव व्हरांड्यात बसून होते, ते नुसते एवढंच म्हणाले, "पंधरा म्हणजे पंधरा." मी मात्र रात्रभर तळमळून ठरवलं होतं, की सदानंदला सगळं सांगायचं आणि त्याच्या पाया पडायचं, हवं तर त्याला बांधून आणायचं. फक्त ऊन पडलं म्हणून मी म्हटलं, शाळा सुटल्यावर जाऊ. एवढी काय घाई? याच्याइतका मूर्ख विचार मी आयुष्यात दुसरा केला नाही.

रिकाम्या राहिलेल्या एका वर्गात माझा दुसरा तास चालू होता. फळ्यावर काहीतरी लिहीत होतो. आधी खडू फळ्यावर आपोआप थरथरला. मग आवाज आला. तो आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही आणि सांगायचाही नाही. मैदानाच्या कडेला धावलो तेव्हा खाली लाल धुरळा आणि चिखल होता, आणि धारेवाडी नव्हती. एकोणीस घरांतलं एकही नव्हतं. माझ्या शेजारी प्रभा पोरीला कडेवर घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. ती फक्त घराची जागा शोधत होती.

सदानंद तिसऱ्या दिवशी सापडला.

गाव ढिगाऱ्याकडून परतलं ते देवीचा जयजयकार करतच. देवीन वाडी राखली, असं जो तो म्हणू लागला. आजूबाजूच्या गावांतून माणसं नारळ घेऊन आली. आणि त्याच तोंडांनी दुसरंही म्हणू लागली, "मेस्त्र्याचो सदा देवीक खोटी ठरवूक ऱ्हवलो. देवीन दाखवल्यान." मी ते ऐकत होतो. बाबल गुरव ऐकत होते. आम्ही दोघं वाटेत समोरासमोर आलो तर एकमेकांना वाट देऊन खाली बघत निघून जात होतो.

तेराव्यानंतर प्रभा माझ्याकडे आली. बावीस वर्षांची पोर, पण चेहरा म्हातारीचा झाला होता.

"सर, तेंनी माका सांगल्यानी होता, कौलात डिंक आसा. म्हणाले, सरांक इचारलंय, सर म्हणतत माका म्हायत नाय." तिने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. "तुमी खोटा बोलूचे नाय. म्हणजे कौल खरो होतो. मगे तेंनी देवीर आळ घेतलो ना?"

मी टेबलावरच्या वह्या उगाच एकावर एक रचत राहिलो. तिला खरं सांगितलं असतं तर सदानंदच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. पण वरच्या अंगाला आणखी दोन वाड्या होत्या आणि त्यांच्याही वर भेगा पडायला लागल्या होत्या. त्या वाड्या अजून देवीच्या एका शब्दासरशी उठणार होत्या, माझ्या शब्दावर कधीच नाही. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आणि आज सव्वीस वर्षांनी, बाबल गुरवही गेल्यावर, अजूनही सांगतो. कधी ते पटतं, कधी नाही.

"माका देवीकडे तेंच्या चुकीचा गाऱ्हाणा घालूचा आसा," प्रभा म्हणाली. "तेंका थय तरी शांती मिळूक होयी. तुमी येशात? तेंका तुमीच मोठे होतात."

मी गेलो. या खेपेला दारात उभा राहिलो नाही, आत पाषाणासमोर, प्रभाच्या शेजारी बसलो. निम्मं गाव जमलं होतं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव देवीला एकेक वाक्य सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

बाबल गुरवांनी सुरुवात केली. "आई पावणाई, आज ह्यां तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा."

"होय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"हेचो घोव अज्ञानी होतो."

"होय म्हाराजा."

"तेना तुका खोटी म्हटल्यान, तुझ्या कौलार..."

गुरव थांबले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. माणसं वाट बघत राहिली. कुणीतरी खाकरलं. गुरवांनी मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मला विचारत होते. देवीला नाही, मला. त्या देवळात खरं काय ते जाणणारे आम्ही दोघंच जिवंत होतो. मी एकदा मान हलवली असती तर ते सगळं बोलून मोकळे झाले असते.

"तुझ्या कौलार आळ घेतल्यान," ते कसंबसं म्हणाले. "ती चूक पोटात घाल."

या वेळी कुणी लगेच होकार दिला नाही. गुरवांच्या डोळ्यांतलं पाणी बघून माणसं बावरली होती. प्रभाने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"होय म्हाराजा," मी म्हणालो. मोठ्याने, सगळ्यांच्या आधी.

मग सगळं देऊळ माझ्यामागून म्हणालं. प्रभाने डोळे पुसले, पोरीला पुढे ओढलं आणि तिचं डोकं पाषाणावर टेकवलं.